विश्लेषण : पुण्यात ‘परवानाधारक’ पाळणाघर शोधताना नेमके काय तपासायचे? खर्च कसा मोजायचा?

प्रसूती रजा संपत आली की नोकरदार घरात पहिला प्रश्न उभा राहतो, बाळाला दिवसभर कोण सांभाळणार? आजी-आजोबा गावी, घर कोथरूडला आणि ऑफिस खराडीला, अशी स्थिती असलेल्या अनेक पुणेकर कुटुंबांसाठी पाळणाघर हाच पर्याय उरतो. शोध सुरू केला की फलकांवर ‘सरकारमान्य’, ‘नोंदणीकृत’, ‘परवानाधारक’ असे शब्द दिसतात. पण या शब्दांमागे नेमका कोणता कागद असतो?

खासगी पाळणाघराला परवाना कोण देते?

महाराष्ट्रात खासगी पाळणाघरांना सक्तीचा परवाना देणारा स्वतंत्र कायदा नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरमधील एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला मारहाण झाल्याचे सीसीटीव्ही चित्रणातून उघड झाले. त्यानंतर नियमावलीची मागणी जोरात झाली. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक सूचना काढल्या. मात्र त्या सूचना आहेत, परवाना नव्हे.

त्यामुळे ‘आमच्याकडे लायसन्स आहे’ असे कोणी सांगितले तर ‘कशाचे?’ हा प्रश्न विचारायलाच हवा. बहुतेक वेळा ती दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद असते. इथे व्यवसाय चालतो, एवढेच त्यातून कळते. मुले सुरक्षित आहेत का, हे त्यावरून कळत नाही. नर्सरीचेही तसेच. २०२५ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने तीन ते सहा वयोगटाच्या खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांची ऑनलाइन नोंदणी सुरू केली. पण सकाळची नर्सरी नोंदवलेली आहे म्हणून तिथलेच दुपारचे पाळणाघर तपासलेले आहे, असे समजू नये.

मग कोणते कागद मागायचे?

एकच परवाना नसल्याने पालकांना तुकडे जोडावे लागतात.

- कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी : ‘पोक्सो’ कायद्याच्या २०२० च्या नियमांनुसार मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांनी प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करणे बंधनकारक आहे. या नियमात पाळणाघरांचा स्पष्ट उल्लेख आहे. सांभाळणाऱ्या ताई, स्वयंपाकाच्या मावशी, व्हॅनचे चालक अशा सगळ्यांची प्रमाणपत्रे आणि त्यांवरील तारखा पाहा.
- आस्थापना नोंद : नाव, पत्ता आणि मालक तेच आहेत का, ते जुळवा. कर्मचारी कमी असतील तर नोंदणी प्रमाणपत्राऐवजी माहिती कळवल्याची ऑनलाइन पावती असू शकते.
- जागेची परवानगी : पाळणाघर फ्लॅटमध्ये असेल तर सोसायटीचे संमतीपत्र आणि जागा भाड्याची असल्यास भाडेकरार मागा. वर्षाच्या मध्येच जागा सोडावी लागली, तर अडचण पालकांचीच होते.
- अग्निसुरक्षा : इमारतीची यंत्रणा शेवटची कधी तपासली, दुसरा जिना आहे का आणि तो मोकळा आहे का, हे स्वतः बघा.
- अन्न : जेवण तिथेच शिजत असेल तर ‘एफएसएसएआय’चा नोंदणी क्रमांक विचारा.

यातला पहिला कागद सर्वांत महत्त्वाचा. तो दाखवायला टाळाटाळ होत असेल, तर पुढचे विचारण्याची गरज नाही.

एका ताईकडे किती मुले असावीत?

केंद्राच्या २०१८ च्या सूचनांनुसार तीन वर्षांखालील दर दहा मुलांमागे एक आणि तीन वर्षांवरील दर वीस मुलांमागे एक सेविका हवी. प्रत्येक मुलासाठी किमान १० ते १२ चौरस फूट जागा हवी. मुले असताना प्लंबर, इलेक्ट्रिशियन अशा बाहेरच्या व्यक्तींना आत सोडू नये आणि देखरेख समितीत पालकही असावेत, असेही त्यात म्हटले आहे.

दहाला एक हे किमान प्रमाण आहे, आदर्श नव्हे. इंग्लंडमध्ये पाळणाघरांची नोंदणी व तपासणी ‘ऑफस्टेड’ ही सरकारी यंत्रणा करते. तिथे दोन वर्षांखालील तीन मुलांमागे एक व्यक्ती लागते. लहान बाळाची फी जास्त का, याचे उत्तर याच गणितात आहे. समजा, एका ताईंचा पगार १५ हजार रुपये आहे. त्यांच्याकडे दहा मुले असतील तर प्रत्येक मुलामागे दीड हजार रुपये पडतात आणि तीनच असतील तर पाच हजार. म्हणून फी फारच कमी वाटली, तर आधी मुले आणि ताई मोजा. भेट सकाळी नको, दुपारी जेवण-झोपेच्या वेळी द्या. खरी धावपळ तेव्हाच दिसते.

रजेचे आणि पाळणाघराचे गणित का जुळत नाही?

पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा मिळते. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. ते सगळे घेतले, तर आई कामावर रुजू होते तेव्हा बाळ जेमतेम चार महिन्यांचे असते. केंद्राच्या सूचनांमधली पाळणाघरे मात्र सहा महिन्यांपुढच्या मुलांसाठी आहेत. ही दोन महिन्यांची फट कशी भरायची, हे रजेचा अर्ज करतानाच ठरवायला हवे.

कंपनीची जबाबदारी काय?

प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. इथे एकूण कर्मचारी मोजायचे, फक्त महिला नव्हे. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम आहे. अनेक आस्थापनांना मिळून सामाईक पाळणाघराचा पर्यायही त्यात आहे.

त्यामुळे खिशातून पैसे भरण्याआधी एचआरला ईमेलवर तीन प्रश्न विचारा. कंपनीचा करार कोणत्या पाळणाघराशी आहे? पूर्ण फी कंपनी भरते की काही भाग? ते पाळणाघर सोयीचे नसेल तर घराजवळच्या पाळणाघराची फी परत मिळते का? उत्तर लेखी घ्या.

ऑफिसजवळचे पाळणाघर निवडले तर त्या चार भेटींचा उपयोग होतो, विशेषतः बाळ अंगावर पीत असताना. घराजवळचे निवडले तर बाळाचा प्रवास वाचतो आणि उशीर झाल्यास शेजारी किंवा नातेवाईक बाळाला आणू शकतात.

खर्च कसा मोजायचा?

फलकावरची मासिक फी हा पूर्ण खर्च नसतो. एक उदाहरण धरू. मासिक फी ८,००० रुपये, प्रवेश शुल्क ५,०००, वर्षाचे साहित्य ६,०००, जेवण महिना १,५००. उशिराचा दंड अर्ध्या तासाला १०० रुपये आणि महिन्यातून आठ वेळा उशीर. वर्षाचे एकूण १,३४,६०० रुपये होतात, म्हणजे महिना सुमारे ११,२००. यात परत मिळणारी अनामत धरलेली नाही.

नऊ तासांचे ऑफिस आणि जाता-येता तासभर प्रवास असेल, तर बाळ अकरा तास पाळणाघरात राहते. म्हणून वेळ विचारताना ‘पूर्ण दिवस म्हणजे किती ते किती?’ असे स्पष्ट विचारा. दिवाळी-मे महिन्याच्या सुट्टीत फी भरायची का, बाळ आजारी पडले तर काय आणि सोडताना किती दिवसांची सूचना द्यायची, हेही लेखी घ्या.

जुन्या करप्रणालीत प्ले-स्कूल आणि नर्सरीच्या शिकवणी शुल्कावर वजावट मिळते, सांभाळण्याच्या फीवर नाही. दोन्ही एकाच ठिकाणी असेल तर पावत्या वेगळ्या मागा.

कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी काय?

घरकाम, बांधकाम, भाजीविक्री करणाऱ्या आयांसाठी खासगी पाळणाघर आवाक्याबाहेरचे असते. केंद्राच्या ‘मिशन शक्ती’तील ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडले जाते. वयोगट सहा महिने ते सहा वर्षे. आपल्या भागात ही सोय आहे का, हे जवळच्या अंगणवाडीत कळू शकते. बांधकामावर ५० हून अधिक महिला कामगार असतील तर पाळणाघर देणे नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने बंधनकारक होते. पुण्यात ‘तारा मोबाइल क्रेशेस’ ही संस्था बांधकामांच्या ठिकाणी अशी पाळणाघरे चालवते.

काही गैर दिसले तर?

अंगावर वळ, अचानक गप्प होणे, विशिष्ट व्यक्तीला पाहून रडणे याकडे दुर्लक्ष करू नका. फोटो काढा, डॉक्टरांना दाखवा आणि त्या दिवसाचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची मागणी लेखी करा, कारण जुने चित्रण आपोआप पुसले जाते. बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ नुसार मुलांची जबाबदारी असलेल्या संस्थेतील व्यक्तीने क्रूरता केल्यास पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तातडीच्या मदतीसाठी ११२, मुलांसाठीच्या हेल्पलाइनसाठी १०९८ आणि फी-परताव्याच्या वादासाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ हे क्रमांक आहेत.