आपला फोटो, सगळ्यांचा अल्बम



आपण स्टेटसला ठेवलेला फोटो चोवीस तासांनी निघून जातो. पण विकिमीडिया कॉमन्सवर टाकलेला फोटो साऱ्या जगाचा होतो. हा फोटोंचा सामायिक साठा २००४ साली सुरू झाला. विकिपीडियाच्या लेखांमध्ये दिसणारे फोटो बहुतांशी तिथूनच येतात. तो चालवतात आपल्यासारखीच बिनपगारी माणसं. त्यामुळे तिथे कसं वागायचं, हे आधी समजून घेऊया.

समजा, तुम्ही कोपरगावातल्या राघोबादादांच्या वाड्याचा फोटो काढला. मोबाईलने दिलेलं आकड्यांचं नाव तसंच ठेवलं, तर तो कोणाला सापडणार? वाड्याचं नाव, गाव, कोणती बाजू, तारीख, सगळं लिहा. रघुनाथराव पेशव्यांचं १७८३ साली कोपरगावात निधन झालं, हे इतिहासात नोंदलेलं आहे, ते खुशाल लिहा. पण कोणी "याच खोलीत गेले हो" म्हणालं, म्हणून तसं लिहून टाकायचं नाही.

गोदावरीला पूर आला की तर विचारूच नका! दहा वर्षांपूर्वीचा फोटो "आत्ताचा" म्हणून गावभर फिरतो आणि नदीकाठचे लोक उगाच घाबरतात. सामायिक साठ्यात चुकीची तारीख पडली, तर ती पुढे लेखांमध्येही जाते.

आता मालकीचा प्रश्न. आपल्याकडच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार फोटोचा हक्क साधारणपणे तो काढणाऱ्याचा असतो. (लग्नात पैसे देऊन बोलावलेल्या फोटोग्राफरचा हिशोब वेगळा.) फोटो प्रसिद्ध झाल्यावर हा हक्क ६० वर्षं टिकतो. म्हणून ग्रुपवर आलेला फोटो 'स्वतःचं काम' म्हणून टाकणं, ही सरळ सरळ दुसऱ्याची वही आपल्या नावाने तपासायला देणं झालं. "गुगलवर मिळाला" ही काही परवानगी नव्हे.

माझ्या मते सर्वात जास्त जपायचं ते माणसांना. मुक्त परवान्याखाली दिलेला फोटो कोणीही वापरू शकतो, अगदी विकायच्या कॅलेंडरवरसुद्धा. त्याने फक्त तुमचं नाव आणि परवाना नमूद करायचा. आणि एकदा दिलेला हा परवाना मागे घेता येत नाही. म्हणून घाटावर अंघोळ करणाऱ्या बाया, दवाखान्यातला पेशंट, वर्गातल्या मित्राचा रडका चेहरा, असले फोटो टाकूच नका. साध्या फोटोतही कोणी ओळखू येत असेल, तर आधी त्याला विचारा. लहान मूल असेल तर त्याच्या आईवडिलांना विचारा. मोबाईल कधीकधी फोटोच्या फाईलमध्ये ठिकाणही नोंदवतो. वाड्याच्या फोटोत ते उपयोगी, पण आपल्या घराच्या फोटोत नको.

कधी एखादा सदस्य विचारतो, "हा फोटो तुम्हीच काढला आहे का?" लगेच चिडायचं नाही. तो चोर म्हणत नाही, खात्री करतोय. फोटो वगळायचा का, यावर साधारण सात दिवस उघड चर्चा चालते, तिथे शांतपणे उत्तर द्या. दुसऱ्याच्या फोटोवर चुकीच्या देवळाचं नाव दिसलं, तर टोमणा न मारता दुरुस्ती सुचवा. तो माणूस परगावचा असू शकतो. आणि हो, फोटो टाकून झाल्यावर मूळ फाईल मोबाईलमधून पुसून टाकू नका. कोणी विचारलंच, तर ती दाखवता येते.