एकच जनुक, एकच घर, निरनिराळा आजार

आनुवंशिक आजार म्हटला की आईला किंवा वडिलांना जसा झाला तसाच तो मुलांना होणार, असा सर्वसाधारण समज असतो. हंटिंग्टन या मेंदूच्या विकाराच्या बाबतीत हा समज टिकत नाही. उर्दूत अंगाच्या थरथरीला ‘राशा’ म्हणतात, मराठीत ‘कंपवात’. परंतु हा आजार या दोन्ही शब्दांत नीट बसत नाही. यात थरथरीपेक्षा नाचल्यासारख्या अनावर हालचाली दिसतात, स्वभाव बदलतो आणि विचारशक्ती क्षीण होत जाते. अमेरिकेतील डॉक्टर जॉर्ज हंटिंग्टन यांनी १८७२ मध्ये त्याचे वर्णन केले.

अमेरिकन लोकगायक वुडी गथ्री यांचे घराणे हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. त्यांच्या आईचा मृत्यू १९३० मध्ये मनोरुग्णालयात झाला. गथ्री यांचे वागणे बिघडू लागले तेव्हा ते दारूमुळे असावे असेच मानले गेले. निदान १९५२ मध्ये झाले आणि १९६७ मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी ते वारले. त्यांच्या दोन मुली मात्र ४१ व्या वर्षीच या आजाराने गेल्या, तर त्यांच्या काही सावत्र भावंडांना तो झालाच नाही.

असे का व्हावे? दोष चौथ्या गुणसूत्रावरील एका जनुकात असून तो १९९३ मध्ये सापडला. या जनुकात ‘सीएजी’ ही तीन अक्षरे लागोपाठ पुन्हा पुन्हा येतात. आवर्तने २६ पर्यंत असल्यास आजार होत नाही. ३६ ते ३९ असल्यास होईल किंवा होणारही नाही. ४० वा अधिक असल्यास, पुरेसे आयुष्य लाभल्यास, तो होतोच. सदोष जनुक प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. संख्या जितकी मोठी, तितका आजार सहसा लवकर. शिवाय पिढी बदलताना ही संख्या वाढू शकते, आणि वडिलांकडून येताना अधिक. म्हणून वडिलांच्या आधी मुलगा आजारी पडल्याचीही उदाहरणे आहेत.

तरीही आवर्तने सारखी असलेल्या दोन भावांत आजार सुरू होण्याच्या वयात कित्येक वर्षांचे अंतर पडते. व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवराकाठच्या मोठ्या कुटुंबांच्या अभ्यासातून २००४ मध्ये दिसले की या फरकामागे इतर जनुके आणि परिस्थिती या दोहोंचा वाटा आहे. डीएनए दुरुस्त करणारी काही जनुके यात गुंतलेली असल्याचे २०१५ पासून पुढे आले. मेंदूच्या पेशींत ही आवर्तने आयुष्यभर वाढत राहतात. ती किती वेगाने वाढावीत, हे या जनुकांवर बरेच अवलंबून असते.

शिक्षकांच्या दृष्टीने एक गोष्ट महत्त्वाची आहे. वीस वर्षांच्या आत सुरू होणाऱ्या प्रकारात नाचऱ्या हालचालींऐवजी अंग ताठरते, चाल मंदावते, अक्षर बिघडते, गुण घसरतात. घरात हा आजार असलेल्या अशा विद्यार्थ्याला आळशी ठरविण्यापूर्वी मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठविणे योग्य. मात्र लक्षणे नसलेल्या अल्पवयीन मुलांची जनुकचाचणी करीत नाहीत. ती करावी की नाही, हे सज्ञान झाल्यावर ज्याचे त्यानेच समुपदेशन घेऊन ठरवायचे असते. सोयरीक जुळविणाऱ्यांनी नव्हे.