वीट नको, साचा दुरुस्त करा : कोड जनरेटरला पॅच पाठवताना

चाळीसगावहून बोलतोय. कॉलेजातली पोरं मला एक प्रश्न नेहमी विचारतात : "दादा, ओपन सोर्समध्ये आम्ही नेमकं पाठवायचं तरी काय?" आजच्या भागात त्याचं उत्तर एकाच प्रकल्पावरून देतो. प्रकल्पाचं नाव ओपनएपीआय जनरेटर. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय.

आधी हे यंत्र काय करतं ते बघू. समजा, बाजार समितीची एक वेब सेवा आहे. ती कापसाची, कांद्याची रोजची आवक आणि भाव देते. तिच्याशी बोलायला मोबाइल ॲपला कोड लागतो, वेबसाइटला लागतो, हिशेबाच्या प्रोग्रामलाही लागतो. पत्ता कोणता, कोणत्या रकान्यात काय येतं, चूक झाली तर काय करायचं, हे सगळीकडे तेच. ते प्रत्येकाने हाताने लिहिण्यापेक्षा सेवेचं वर्णन एका फाइलमध्ये करायचं आणि त्या वर्णनावरून जावा, पायथॉन, गो अशा हव्या त्या भाषेतला कोड यंत्राकडून काढून घ्यायचा. कल्पना जुनी आहे. सोपच्या जमान्यात डब्ल्यूएसडीएल फाइलवरून ॲपाची ॲक्सिस हेच करायचं. ओपनएपीआय जनरेटर मे २०१८ मध्ये स्वॅगर कोडजेनमधून फुटून निघाला. त्या प्रकल्पाला आधीपासून हातभार लावणारे ४० हून अधिक लोक त्यामागे होते. परवाना ॲपाची २.०, म्हणजे वापरायला आणि बदलायला सगळ्यांना मोकळा.

आता मुद्द्याचं. जनरेटरमधून निघालेल्या कोडमध्ये चूक दिसली, की पहिला मोह होतो तो कोडच नीट करायचा. त्याने काम भागतं, पण उद्या यंत्र परत चालवलं की चूक परत हजर! भट्टीतली वीट वाकडी निघत असेल तर एकेक वीट तासत बसून काय उपयोग? साचा बघावा लागतो. इथे साचे दोन जागी असतात. एक म्हणजे मस्टॅश नावाच्या पद्धतीने लिहिलेली टेम्प्लेट. दुसरी जागा म्हणजे जावामध्ये लिहिलेला तर्क. नावं कशी बनवायची, कोणता प्रकार कशात बदलायचा, हे तिथे ठरतं. पॅच जातो तो या दोन ठिकाणी.

आपल्या कामाचं उदाहरण घेऊ. वर्णनाच्या फाइलमध्ये रकान्यांची नावं देवनागरीत दिली : "गाव_१" आणि "भाव_१". नावात नको ती चिन्हं येऊ नयेत म्हणून जनरेटर ती गाळतो, आणि एरवी त्याच्या चाळणीतून फक्त इंग्रजी अक्षरं, इंग्रजी आकडे आणि अंडरस्कोअर पार होतात. त्यामुळे आपली अक्षरंही गळतात, मराठी आकडाही गळतो. दोन वेगळ्या रकान्यांचं मिळून एकच उरतं : नुसता अंडरस्कोअर. आता गावाचा रकाना कोणता आणि भावाचा कोणता?

इथे लगेच पॅच लिहायला बसू नका. आधी पर्याय शोधा. "अलाउ युनिकोड आयडेंटिफायर्स" नावाचा पर्याय त्यात आहे, फक्त तो मुळात बंद असतो. एखाद्या नावाच्या जागी आपलं नाव द्यायचीही सोय आहे. अर्ध्या वेळा पॅचची गरजच नसते, कागदपत्रं वाचली की भागतं.

कोणी म्हणेल, काय भो, मग तो पर्याय कायमचा चालूच करून टाका ना! तिथेच खरी गंमत आहे. "गाव" हा शब्द जावामध्ये नाव म्हणून चालतो. पायथॉनमध्येही चालतो, २००८ सालच्या ३.० आवृत्तीपासून. पण गो या भाषेत चालत नाही. तिच्या नियमात नावासाठी अक्षर आणि अंक चालतात, आणि युनिकोडच्या हिशेबाने काना हे अक्षर नाही, जोडचिन्ह आहे. बरं, काना-मात्रा नसलेला "मत" घेतला तरी अडचण आहेच. गोमध्ये रकाना बाहेरच्या पॅकेजला दिसायचा तर त्याचं नाव मोठ्या लिपीतल्या अक्षराने सुरू व्हावं लागतं, आणि देवनागरीत लहान-मोठी लिपी नसतेच.

म्हणजे एकच सुधारणा एका भाषेला उपकारक आणि दुसरीला मारक. आपल्याकडच्या माणसाला हे स्टेशनवरून चटकन कळेल. चाळीसगाव जंक्शनवर मुख्य लाइनचा सांधा हलवला तर मुंबई-भुसावळ सगळी वाहतूक त्यात येते. धुळ्याच्या फाट्यावरचं काम धुळ्याच्या गाडीपुरतं. जनरेटरचा सगळ्या भाषांना सामाईक भाग म्हणजे मुख्य लाइन. तिथला एक शब्द बदलला, तर जपानमधल्या कुणाच्या तरी चालू प्रोग्राममधली नावं बदलतील आणि तो बांधलाच जाणार नाही. म्हणून जमेल तिथे बदल एका भाषेच्या फाट्यावरच ठेवायचा. मेंटेनर "हे सामाईक भागात नको" म्हणाले तर रागावू नका. ते अशाच न दिसणाऱ्या माणसाची बाजू घेत असतात.

मग पॅच पाठवायचा कसा? मी पोरांना क्रम सांगतो तो असा. चूक दाखवणारी लहानात लहान फाइल करा, दहा-पंधरा ओळींची. आधीच्या इश्यूंमध्ये तीच तक्रार आहे का ते शोधा. साचा दुरुस्त करा आणि सोबत एक चाचणी लिहा, जी जुन्या कोडवर नापास होते आणि नव्यावर पास. चाचणीत "शेतकऱ्याचे" असा शब्द घाला. त्यातला "ऱ्य" युनिकोडमध्ये दोन तऱ्हेने लिहिता येतो. डोळ्याला एकच दिसतो, पण यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. अशी उदाहरणं इंग्रजीत विचार करणाऱ्याला सहसा सुचत नाहीत. आपली खरी भर ती.

त्यानंतरची पायरी बरेच जण विसरतात. रेपोमध्ये प्रत्येक भाषेतल्या नमुना कोडच्या फाइली ठेवलेल्या आहेत. साचा बदलला की ते नमुने परत काढून त्याच पीआरमध्ये द्यायचे असतात, नाहीतर आपोआप होणारी तपासणी अडकते. बदल दोन ओळींचा आणि फाइली शंभर, असं दिसलं तर घाबरू नका. ते नमुने वाचूनच कळतं की तुमच्या दोन ओळी कुठवर पोचल्या. नको तिथे फरक दिसला तर पीआर पाठवण्याआधी थांबा. शेवटी, त्या भाषेची जबाबदारी घेणाऱ्या लोकांची यादी प्रकल्पात दिलेली आहे. पीआरमध्ये त्यांचा उल्लेख करा.

आणि एक कळकळीची गोष्ट. २०२० च्या ऑक्टोबरात हॅक्टोबरफेस्टच्या टीशर्टसाठी जगभरच्या रेपोंमध्ये निरर्थक पीआरचा पूर आला. त्यात आपल्या देशातली बरीच पोरं होती. शेवटी आयोजकांना नियम बदलावे लागले : प्रकल्पाने स्वतःहून होकार दिला तरच त्याची गणती. त्याची किंमत प्रामाणिक पोरांनी मोजली, कारण नवख्याच्या पीआरकडे लोक संशयाने बघायला लागले. ती पत परत मिळवायला भाषण लागत नाही. स्वतःला खरोखर अडलेली एक चूक, तिची लहान फाइल आणि तिची चाचणी, एवढं पुरतं. गाव पुणे आहे की चाळीसगाव, हे चाचणी विचारत नाही.

तर या आठवड्याचा गृहपाठ : मराठी रकान्यांची एक फाइल करा, तीन भाषांत कोड काढा आणि कुठे काय गळलं ते लिहून ठेवा. पुढच्या भागात आपण त्या याद्या घेऊन बसू.