लघवीची घाई आणि तिच्यावरील औषधे

लघवीची भावना एकाएकी आणि अनावर होणे, दिवसातून आठांहून अधिक वेळा जावे लागणे, रात्री वारंवार झोप मोडणे आणि प्रसंगी मोरीपर्यंत पोचण्याआधीच वस्त्र ओले होणे, हे सारे वार्धक्याचे भोग समजून कितीतरी स्त्रीपुरुष प्रवास, देवदर्शन आणि लग्नकार्ये मुकाट्याने वर्ज्य करतात. वस्तुतः हा अतिक्रियाशील मूत्राशय नावाचा एक विकार असून त्यावर इलाज उपलब्ध आहेत.

मूत्र साठत असता मूत्राशयाच्या भित्तीतील स्नायूने शिथिल राहावे आणि विसर्जनसमयी मज्जातंतूंनी सोडलेल्या ॲसिटिलकोलीन या द्रव्याचा हुकूम मिळताच आकुंचन पावावे, असा निसर्गाचा बंदोबस्त आहे. हा स्नायू अवेळी आकुंचन पावू लागला, की मूत्राशय पुरते भरलेले नसतानाही घाई होते. ऑक्सिब्यूटिनिन, टॉल्टेरोडीन, सॉलिफेनॅसिन ही औषधे तो हुकूम स्नायूला पोचू देत नाहीत. परंतु त्याच द्रव्याचा अंमल लाळग्रंथी, आतडी, डोळे आणि मेंदू यांवरही चालत असल्यामुळे तोंडाला कोरड पडणे, मलावरोध, दृष्टी धूसर होणे आणि वृद्धांत क्वचित बुद्धिभ्रम असे उपद्रव संभवतात. लघवी तुंबण्याची प्रवृत्ती किंवा अरुंद कोनाचा काचबिंदू असणाऱ्यांनी तर ही गोष्ट वैद्यांपासून मुळीच लपवू नये. जपानमध्ये 2011 साली मान्यता मिळालेले मिराबेग्रॉन हे स्नायूला निराळ्या मार्गाने शिथिल करते; त्याने तोंड फारसे कोरडे पडत नाही, मात्र रक्तदाब वाढू शकतो, म्हणून तो वेळोवेळी मोजून घेणे अगत्याचे ठरते.

तथापि गोळीकडे वळण्यापूर्वी मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, मधुमेह आणि पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथीची वाढ यांचा तपास व्हावयास हवा. चहा-कॉफी कमी करणे, दोन विसर्जनांतील अंतर हळूहळू वाढवीत नेणे आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम करणे, हे उपाय औषधाआधी आणि औषधासोबतही चालू ठेवावयाचे असतात. औषधाचा पूर्ण गुण येण्यास चार ते आठ आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत निराश होऊन ते सोडणे इष्ट नाही. आणि गोळ्या निष्फळ ठरल्याच, तर मूत्राशयाच्या भित्तीत बोट्युलिनम विष अल्प मात्रेत टोचण्याचा उपायही शिल्लक राहतो.

तेव्हा तीन दिवस किती प्यायलो आणि किती वेळा गेलो याची नोंद करावी, चालू असलेल्या सर्व औषधांची यादी सोबत घ्यावी आणि निःसंकोचपणे डॉक्टरांकडे जावे. कारण या विकारात औषधाच्या अभावापेक्षा लज्जेनेच माणसे अधिक काळ पीडा सोसत राहतात.