दोन भाषांमुळे बोलणं लांबत नाही

‘दोन वर्षांचा झाला तरी बोलत नाही? मग घरातलं मराठी बंद करा, दोन भाषांत गोंधळतोय तो.’ हा सल्ला शेजारी देतात, प्लेग्रुपच्या ताई देतात, कधी कधी डॉक्टरही देतात. तो साफ चुकीचा आहे आणि त्याची किंमत मूल मोजतं.

लॉरा-अ‍ॅन पेटिटो आणि सहकाऱ्यांनी २००१ साली कॅनडातल्या द्विभाषिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिला शब्द, पहिली दोन शब्दांची जोडणी हे टप्पे या मुलांनी एकभाषिक मुलांच्याच वयात गाठले होते. एकाच भाषेतले शब्द मोजले की आकडा कमी दिसतो, हे खरं. म्हणून दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे. ‘मला मिल्क दे’ हाही गोंधळ नव्हे. वाक्याची घडण पक्की मराठी आहे, शब्द तेवढा इंग्रजी.

आता सल्ला पाळला की काय होतं बघा. खिडकीशी आजी म्हणत असते, ‘काऊ आला, पोळीचा तुकडा उचलला, भुर्रकन उडून गेला.’ तीन क्रियापदं, घटनेचा क्रम, आवाजाचे चढउतार. आजीला गप्प केलं की उरतं ‘क्रो. से क्रो.’ इंग्रजी सफाईने न येणारं घर नुसती नावं पुरवू शकतं. गप्पा, गोष्टी, रुसवेफुगवे सगळं आटतं. मुलाला भाषा मिळते ती या गप्पांतूनच. तुम्ही ज्या भाषेत भांडता, लाड करता, त्याच भाषेत त्याच्याशी बोला!

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘यूट्यूबवरून शिकेल.’ पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ सालच्या प्रयोगात नऊ महिन्यांची अमेरिकी बाळं समोरच्या माणसाकडून मँडरिनचे ध्वनी ओळखायला शिकली, व्हिडिओवरून नाही.

‘जीभ जड आहे, मध-वेखंड चाटवा.’ त्याने वाचा येत नाही, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध बोट्युलिझमच्या धोक्यामुळे देऊच नये.

‘मुलगे उशिराच बोलतात, याचा बापही असाच होता.’ मुलगे आणि मुलींत फरक असतो तो थोडाच. दोन वर्षांचं मूल ‘बाबा ये’, ‘अजून दे’ असे दोन शब्द जोडत नसेल, तर वाट बघत बसू नका. आधी कानांची तपासणी करून घ्या. दार आपटल्यावर दचकतं म्हणजे नीट ऐकू येतं असं नव्हे. ‘स’, ‘श’सारखे बारीक आवाज सुटत असू शकतात. तपासणीची सोय जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रातून होते, मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेतही होते.