विंडोज अपडेटनंतर प्रिंटर बंद? आधी गाडी काढा, मग कॉम्प्युटर बघा



मुंबई-नाशिक महामार्गावर वडप्याच्या आसपास बघा, गोदामांमागे गोदामं. इथे पॅकिंग, ट्रान्सपोर्ट किंवा ऑनलाइन विक्रीचं छोटं काम सुरू करायचं म्हटलं, तरी सगळा व्यवहार एका कॉम्प्युटरवर येऊन थांबतो. टॅलीत बिल, पोर्टलवर ई-वे बिल, प्रिंटरवर लेबल. आणि एखाद्या बुधवारी सकाळी तोच कॉम्प्युटर रात्रीतून अपडेट होऊन बसतो. प्रिंट निघत नाही, गाडी दारात उभी, हमाल बसून. अशा वेळी काय करायचं, ते आज क्रमाने बघू.

बुधवारीच का?

मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षा अपडेट सोडतं. तेव्हा आपल्याकडे रात्र असते, म्हणून त्रास बुधवारपासून दिसतो. दुसरा मंगळवार नेहमी ८ ते १४ तारखेच्या मधे येतो, आणि मासिक जीएसटीआर-१ ची मुदत असते ११ तारीख. म्हणजे घाईच्या दिवसांतच हा पाहुणा येतो. कॅलेंडरवर आत्ताच खूण करा.

मग अपडेट बंदच करून टाकू?

असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. ऐकू नका. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा आपल्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं होतं. हा व्हायरस विंडोजच्या ज्या त्रुटीचा फायदा घेऊन पसरत होता, तिचं अपडेट मायक्रोसॉफ्टने तीन महिने आधी, मार्चमध्येच दिलं होतं. पसरायचे त्याचे इतरही मार्ग होते, पण हे एक दार तरी बंद करता आलं असतं.

दुसरी बाजूही खरी आहे. ९ मार्च २०२१ च्या अपडेटनंतर क्योसेरा, रिको, झेब्रा अशा काही प्रिंटरवर प्रिंट देताच निळी स्क्रीन येऊ लागली. झेब्रा म्हणजे गोदामात लेबल काढणारी कंपनी! दुरुस्ती १५ मार्चपासून मिळू लागली. म्हणजे जो आठवडाभर थांबला, तो बराचसा त्रास टाळू शकला. म्हणून अपडेट बंद करायचं नाही, फक्त कधी घ्यायचं ते आपण ठरवायचं.

पहिली १५ मिनिटं: माल बाहेर काढा

कॉम्प्युटर उघडून बसू नका. आधी हे करा:

- ई-वे बिल फोनच्या ब्राउझरवरून काढा. ओटीपी नोंदणी केलेल्या मोबाइलवर येतो. तो मोबाइल घेऊन पार्टनर नाशिकला गेला असेल तर गाडी इथेच राहील, हे आधीच ठरवून ठेवा.
- ई-वे बिलाची प्रिंट लागतेच असं नाही, ड्रायव्हरकडे नंबर असला तरी चालतो. बिल मात्र सोबत हवं.
- त्यासाठी हाताने लिहायचं बिलबुक वेगळ्या नंबर मालिकेचं छापून ठेवा. ई-इनव्हॉइस लागू नसलेल्या छोट्या व्यवसायाला हे चालतं. संध्याकाळी टॅलीत नोंद करा.

यात कमीपणा नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर कोसळले, तेव्हा आपल्याकडच्या विमानतळांवरही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले.

आता दुरुस्ती, याच क्रमाने

१. स्क्रीनवर टक्का पुढे सरकत असेल तर बटण दाबू नका. अर्धवट अपडेटमध्ये लाइट घालवणं सगळ्यात महाग पडतं.

२. चालू झाल्यावर एकदा ‘रीस्टार्ट’ करा. नुसतं बंद-चालू नाही, ‘रीस्टार्ट’च.

३. प्रिंटर चालत नसेल तर यादीत त्याच नावापुढे ‘कॉपी १’ असा दुसरा प्रिंटर आलाय का बघा. आला असेल तर त्यावर प्रिंट देऊन बघा. डिफॉल्ट प्रिंटर बदलला नाही ना, तेही तपासा. मग ‘सर्व्हिसेस’ उघडून ‘प्रिंट स्पूलर’ रीस्टार्ट करा.

४. तरीही नाही? सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अपडेट हिस्टरी, अनइन्स्टॉल अपडेट्स. शेवटचं अपडेट काढा आणि लगेच ‘पॉज’ करा, नाहीतर ते परत येऊन बसेल.

५. विंडोज सुरूच होत नसेल तर लोगो दिसताच पॉवर बटण दाबून धरून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की दुरुस्तीची स्क्रीन येते. तिथे ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, अनइन्स्टॉल अपडेट्स.

६. निळ्या स्क्रीनवर बिटलॉकरची ४८ अंकी की मागितली तर घाबरू नका. ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. पण तो ईमेल कोणाचा? कॉम्प्युटर लावून देणाऱ्या पोराचा असेल, तर तुमच्या धंद्याची किल्ली त्याच्याकडे आहे!

या सगळ्यात अर्ध्या तासाहून जास्त वेळ गेला तर जाणकाराला बोलवा. इंटरनेटवरचे ‘एका क्लिकमध्ये फिक्स’ वाले सॉफ्टवेअर टाकू नका, आणि बॅकअप नसताना ‘फॉरमॅट मारा’ला होकार देऊ नका.

आजचा गृहपाठ

- बिटलॉकर की कागदावर लिहून तिजोरीत ठेवा.
- टॅलीचा बॅकअप रोज बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या आणि ड्राइव्ह काढून ठेवा. महिन्यातून एकदा तो उघडतो का, तेही तपासा.
- ‘अॅक्टिव्ह अवर्स’ तुमच्या कामाच्या वेळेनुसार लावा.
- दुसऱ्या मंगळवारच्या आधी अपडेट एक आठवडा ‘पॉज’ करा आणि पुढच्या रविवारी, माल नसताना, स्वतः घ्या.

नवीन धंद्यात पहिल्या दहा ग्राहकांपैकी एकाचा माल जरी उशिरा पोहोचला, तरी दुसरी ऑर्डर मिळेलच असं नाही. अपडेट कोणाच्या हातात नाही, पण दारात उभी असलेली गाडी वेळेवर काढणं तुमच्या हातात आहे. बिलबुक आजच छापायला टाका.