पंखांची उधई : धरणाऱ्यांनी आणि शेतवाल्यांनी घ्यावयाची काळजी



मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की संध्याकाळी वारुळातून पंखांची उधई निघते. आपण तिला उसाच्या बेण्याची वैरीण म्हणून ओळखतो. पण आपल्याच शेतावर राबणारी काही कुटुंबे दिव्याखाली पाण्याचे घमेले ठेवून ती धरतात व भाजून खातात. यात नाक मुरडण्यासारखे काही नाही. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २०१३ च्या अहवालाप्रमाणे जगातील सुमारे २०० कोटी लोकांच्या आहारात कीटक आहेत. ओडिशातील मयूरभंजच्या लाल मुंग्यांच्या चटणीला तर २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

आमची काळजी वेगळी आहे. मागच्या पावसाळ्यात आम्ही एका प्लॉटवर गेलो. उसाला हुमणीचे औषध सोडून दोनच दिवस झाले होते आणि धुऱ्यावर बाया दिवा लावून बसल्या होत्या. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. आम्ही सांगताच घमेले ओतले गेले. एक म्हातारी म्हणाली, "भाऊ, औषध टाकलं तवाच सांगाचं होतं ना!" तिचे म्हणणे खरे होते.

धरणाऱ्यांसाठी :

१) औषध मारलेल्या शेतातील, तसेच आपोआप मेलेली उधई घेऊ नये. भाजल्याने विष जाते या भरवशावर राहू नये.

२) त्याच रात्री धुऊन पाच मिनिटे उकळावी. मग कोरड्या कढईत मंद आचेवर कुरकुरीत होईस्तोवर भाजावी, चोळून सुपात पाखडावी म्हणजे पंख जातात. पावसाळ्यात उन्हाचा भरवसा नसतो, म्हणून वाळवण चुलीवरच पुरे करावे.

३) पूर्ण थंड झाल्यावरच लहान, घट्ट झाकणाच्या कोरड्या बरण्यांत भरावी. गरम भरल्यास आत पाणी सुटून बुरशी धरते. उधईत तेल फार, म्हणून खवट वास आला किंवा बुरशी दिसली तर अख्खी बरणी फेकावी.

४) झिंगे खाऊन ज्याच्या अंगावर गांधी उठतात, त्याने उधई खाऊ नये.

शेतवाल्यांसाठी :

औषध सोडले की धुऱ्यावर लाल फडके बांधा व मजुरांना तोंडी सांगा. हुमणीचे भुंगेरे मारण्याचे रॉकेलचे घमेले वेगळे ठेवा. फोरेटवर २०२० अखेरपासून बंदी आहे. घरात जुना साठा असल्यास वापरू नका.

उधईचा बंदोबस्त जरूर करा, पण आपल्या औषधाने दुसऱ्याचे ताट नासू देऊ नका. अडचण आल्यास आपल्या गटातील ऊस विकास कर्मचाऱ्यास भेटावे.